गणितात मागे पडणारी मुले व आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. निवृत्त शिक्षक म्हटला म्हणजे तो संस्कारांवर बोलणार, अशी त्यांची अटकळ असावी. संस्कारांवर बोलणारे विद्वान वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ येऊन गेले व पुढेही येतील. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले, खडूच्या धुळीत आयुष्य घालविलेले गृहस्थ. आम्हांस जे ठाऊक आहे तेवढेच सांगणे बरे. पाचवी ते आठवी या वर्गांना आम्ही पुष्कळ वर्षे गणित शिकविले. थोड्या वेळापूर्वी याच मंचावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करितो. परंतु आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या वेळी मागच्या रांगांत बसून टाळ्या वाजविणाऱ्या मुलांविषयी.

या मुलांचे आईबाप आम्हांस वाटेत भेटतात आणि बहुधा एकच वाक्य बोलतात : “गुरुजी, चौथीपर्यंत बरा होता हो, सहावीत काय झाले कोण जाणे!” कोणी म्हणतो, खोडकर झाला, कोणी म्हणतो, मोबाईलने बिघडविला, कोणी कपाळाला हात लावून म्हणतो, त्याच्या डोक्यातच गणित नाही. आमचे म्हणणे असे की, सहावीत काही झालेले नसते. जे व्हावयाचे ते तिसरी-चौथीत होऊन गेलेले असते. सहावीत ते फक्त दिसू लागते. भिंतीस ओल पायथ्याशी लागते आणि डाग वर उमटतो, तशातली ही गोष्ट आहे. म्हणून सहावीचेच गणित पुन्हा पुन्हा घोटून घेण्यात मुलाचे दिवस जातात, आईबापांचे पैसे जातात, आणि डाग असतो तेथेच राहतो.

उदाहरणे दिल्यावाचून हे पटणार नाही. सातवीतल्या मुलास ‘चार हजार बारा’ अंकांत लिहावयास सांगावे. वर्गात दोन-चार मुले तरी ४०००१२ असे लिहितात. त्यांनी कानांनी ऐकले तसे लिहिले; आधी चार हजार, मग बारा. अंकाची किंमत त्याच्या जागेवर अवलंबून असते, ही गोष्ट त्यांच्या मनात कधी रुजलीच नाही. दुसरे उदाहरण भागाकाराचे. ६१२ ला ६ ने भागावयाचे आहे. मूल म्हणते, सहा एके सहा, एकाला भाग जात नाही, म्हणून पुढचे दोन घेतले, सहा दुणे बारा, उत्तर १२. रीत त्यास पाठ आहे, शून्य मात्र हरवले. सहाशे रुपये सहाजणांत वाटले तर प्रत्येकास शंभर येतात हे त्याच मुलास विचारले तर तो तत्काळ सांगतो. परंतु वहीतले ६१२ आणि खिशातले ६१२ यांचा काही संबंध असतो, असे त्यास कोणी सांगितलेले नसते. हा मुलगा पुढे दशांश अपूर्णांकांत ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठे आहे असे सांगणार, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे! त्याच्या दृष्टीने त्यात चूक ती काय?

ही केवळ आमच्याच शाळेची किंवा आपल्याच ज्ञातीची कथा नव्हे. ‘प्रथम’ या संस्थेमार्फत २००५ पासून ग्रामीण भागात ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. २०२२ च्या पाहणीत तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागण्याचे साधे उदाहरण आठवीच्या मुलांपैकी ४४.७ टक्के मुलांनाच करता आले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले चौथीची पायरी न ओलांडता आठवीच्या बाकावर बसली होती. त्यातून २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि दीड वर्षावर अनेक मुलांनी फळा पाहिला नाही. जे मूल त्या साली तिसरीत गेले, त्याचा गुणाकार-भागाकार दूरध्वनीच्या इवल्याशा पडद्यावर उरकला. ज्या घरी एकच दूरध्वनी आणि तीन भावंडे होती तेथे तोही उरकला नाही. तेच मूल २०२५ साली आठवीत येऊन बसले. त्यास मंद म्हणणारांनी आधी ही तारीख आठवावी.

येथे एक आक्षेप नेहमी निघतो. शिक्षणहक्काच्या कायद्याने, म्हणजे १ एप्रिल २०१० पासून, आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले; त्यामुळे ढकलगाडी सुरू झाली, असे पालकच म्हणतात. २०१९ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीस परीक्षा घेण्याची व मुलास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली, तेव्हा पुष्कळांस हायसे वाटले. आम्ही दोन्ही काळ पाहिले आहेत. नापास झालेला मुलगा दुसऱ्या वर्षी त्याच वर्गात मागच्या बाकावर बसे, तेच धडे त्याच क्रमाने ऐके आणि त्याची पोकळी होती तेथेच राही. भर पडे ती फक्त लाजेची. ढकलल्याने पोकळी भरत नाही हे खरे. पण अडवून ठेवल्यानेही ती आपोआप भरत नाही.

आता आपल्या भाषेतील एका अडचणीविषयी थोडे बोलतो. मराठीत आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणतो. आधी सात, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी चार, मग सात. लहान मुलाचा येथे घोटाळा होतो आणि ते ७४ लिहून मोकळे होते. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढच्या दशकाचे नाव आणि मागच्या दशकाचा अंक! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ अशी वाचनाची जोड देण्यात आली, तेव्हा केवढा गहजब झाला हे आपणांस स्मरत असेल. गणित विषय समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांच्यासारख्या विदुषीची वर्तमानपत्रांतून थट्टाही झाली. बाजारात सत्तेचाळीसच चालणार, ते शब्द मुलास आलेच पाहिजेत, यात वाद नाही. परंतु अडखळणाऱ्या मुलाने काही महिने ‘चाळीस आणि सात’ असे म्हटल्याने मराठी भाषा बुडते असे आम्हांस वाटत नाही. पांगुळगाड्याने चालणे बिघडत नाही; तो योग्य वेळी सोडावयाचा असतो, इतकेच.

परंतु पाचवी ते आठवी या वर्गांतील खरी खिंड म्हणजे अपूर्णांक. येथे आम्ही जरा थांबणार आहोत. कारण या खिंडीतून आपल्या मुलांस बाहेर काढण्याचे साधन आपल्या घरातच पडलेले आहे आणि आपणांस त्याची जाणीव नाही.

जुन्या पिढीस पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असत, औटकीसुद्धा असे. औट म्हणजे साडेतीन. हल्लीची मुले ‘औट घटकेचे राज्य’ वाचतात आणि त्याचा अर्थ ‘आउट झालेले राज्य’ असा सांगतात. हे आम्ही स्वतः उत्तरपत्रिकेत वाचले आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, अशी नाणी होती तोवर अपूर्णांक हातात खुळखुळत असे. पाऊण रुपया म्हणजे बारा आणे हे शिकवावे लागत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ वजनेमापे बदलली, आणि अपूर्णांक व्यवहारातून उठून केवळ पुस्तकात जाऊन बसला. दशमान पद्धती सोयीची आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. मात्र पुस्तकातला अपूर्णांक मुलास दोन मजली संख्या दिसतो, वर एक आणि खाली एक. मग ते १/२ + १/३ = २/५ असे करते; वरच्यात वरचे, खालच्यात खालचे.

आता आपल्याकडे पाहा. आपली ज्ञाती पिढ्यान्‌पिढ्या लाकडाशी खेळणारी. सर्व देश मीटरमध्ये गेला तरी आपल्या कारखान्यात इंच आणि सूत जिवंत आहेत. आठ सुतांचा एक इंच. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. हे आपल्या घरातील आठ वर्षांच्या पोरास ठाऊक असते. आमच्या वर्गात आपल्याच ज्ञातीचा एक मुलगा होता. ३/४ मोठा की ५/८ मोठा, या प्रश्नास त्याने ५/८ असे उत्तर लिहिले. कारण पाच तिनाहून मोठे आणि आठ चाराहून मोठे. मधल्या सुट्टीत त्यास जवळ बोलावून विचारले, “फळीची जाडी पाऊण इंच हवी असेल आणि पाच सुताची दिली तर चालेल काय?” तो हसला आणि म्हणाला, “नाही गुरुजी, एक सूत कमी पडेल.” ज्याने वहीत चूक केली त्यानेच तोंडी उत्तर दिले, आणि तेही फरकासकट! ३/४ म्हणजे ६/८, आणि ६/८ मधून ५/८ वजा जाता १/८ उरतो, हे छेद समान करण्याचे गणित त्याने मनात पुरे केले होते. त्यास फक्त हे सांगावयाचे राहिले होते की, वहीतला ‘आठ’ तोच, जो तुझ्या बापाच्या टेपवर आहे.

१/२ + १/३ चेही तेच. बारा इंचांची फूटपट्टी घ्यावी. अर्धा फूट म्हणजे सहा इंच, तृतीयांश फूट म्हणजे चार इंच. मिळून दहा इंच, म्हणजे १०/१२, म्हणजे ५/६. आता मुलाचे उत्तर २/५ घ्यावे. ते तर अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात काही भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान आले, हे मुलास एकदा डोळ्यांनी दिसले की ती चूक पुन्हा होण्याचे कारण उरत नाही. लसावि काढण्याची रीत त्यानंतर शिकवावी. रीत आधी आणि अर्थ मागाहून, हा क्रम हुशार मुलास चालून जातो. मागे पडलेल्यास चालत नाही.

इतकेच नव्हे. अठ्ठेचाळीस इंच रुंदीच्या प्लायचे तीन समान पट्टे काढावयाचे. पुस्तक म्हणेल सोळा-सोळा इंच. परंतु करवतीचे पाते दर कापास सुमारे एक सूत खाते. दोन काप, दोन सूत गेले. उरले पावणेअठ्ठेचाळीस इंच, त्याचे तीन भाग. म्हणजे पट्टा पंधरा इंच सात सुताहून किंचित अधिक. सातवीच्या पुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा हे अवघड आहे आणि आपले कारागीर ते रोज करतात. लाकूड विकत घेताना रुंदीचे इंच गुणिले जाडीचे इंच गुणिले लांबीचे फूट, भागिले १४४, हा हिशेब कोणास ठाऊक नाही? सहा इंच रुंद, तीन इंच जाड, आठ फूट लांब, म्हणजे बरोबर एक घनफूट. पण १४४ च का, हे मुलास विचारून पाहावे. रुंदीच्या फुटात बारा इंच, जाडीच्या फुटात बारा इंच, बारा गुणिले बारा. हे ज्यास उमगले त्यास आठवीचे घनफळ परके राहात नाही. चौकटीचा कोन गुण्यात आहे की नाही हे पाहण्यासाठी एका बाजूस तीन फूट, दुसरीस चार फूट मोजून कर्ण पाच फूट येतो की नाही हे आपण पाहतो. सातवीत तोच पायथागोरसचा सिद्धान्त म्हणून शिकवितात. इतके असूनही सुताराच्या मुलास गणिताची भीती वाटावी, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

अपूर्णांकानंतरच्या दोन अडचणी थोडक्यात सांगतो. एक, बरोबरीच्या चिन्हाची. ८ + ४ = चौकट + ५, यात चौकटीत काय, असे विचारल्यास पुष्कळ मुले १२ लिहितात; कारण पहिलीपासून त्यांनी त्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा घेतलेला असतो. ते तराजूचे चिन्ह आहे, दोन्ही पारडी सारखी हवीत, हे ज्यास कळले नाही त्यास सहावीतली समीकरणे म्हणजे मंत्रतंत्र वाटतात. दुसरी अडचण ऋण संख्यांची. –७ + ३ = –१० करणाऱ्या मुलास सात रुपये देणे असताना तीन हाती आले तर देणे किती उरले, एवढेच विचारावे. ही युक्ती आमची नव्हे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त या संख्यांचे नियम सांगितले ते धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, याच शब्दांत. तेच शब्द आपल्या क्रमिक पुस्तकांत आजही आहेत, परंतु शिकविताना त्यांचा अर्थ सांगावयाचा मात्र राहून जातो.

भाषेचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. हल्ली सेमी-इंग्रजीचा प्रघात फार झाला आहे. मूल शाळेत ‘न्यूमरेटर, डिनॉमिनेटर’ म्हणते, घरी आजोबा ‘अंश, छेद’ म्हणतात, शाळेत ‘एल. सी. एम.’, घरी ‘लसावि’. दोघांस एकमेकांचे कळत नाही आणि आजोबा बिचारे ‘आमचे शिक्षण जुने’ म्हणून बाजूला होतात. पालकांनी कोणते माध्यम घ्यावे याचा वाद आम्ही येथे उकरीत नाही. परंतु गणित मुलास समजले की नाही हे पाहावयाचे असेल तर ते त्याने घरच्या भाषेत समजावून सांगावे. जे आईस मराठीत सांगता येत नाही ते इंग्रजीत समजले आहे असे मानू नये. शाब्दिक उदाहरणांत तर निम्मी मुले गणिताशी न अडता वाचनाशी अडतात. ‘पाचपट’ आणि ‘पाचाने अधिक’ यांतील भेद हा भाषेचा भेद आहे.

आता घरी काय करावे ते सांगतो, आणि आधी काय करू नये ते. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. ‘मलाही गणित येत नव्हते’ असे मुलादेखत कौतुकाने सांगू नये. आमच्या मते यासारखे घातक वाक्य नाही, कारण मुलास त्यात सवलत ऐकू येते. पाढा म्हणताना घड्याळ लावू नये. बोटे मोजीत असेल तर मोजू द्यावीत. आणि क्लास लावला म्हणजे कर्तव्य संपले असे समजू नये. साठ मुलांच्या क्लासात सातवीचाच धडा दुसऱ्यांदा होतो. या मुलास हवा असतो चौथीचा.

करावयाचे ते इतकेच. रोज वीस मिनिटे, जेवणापूर्वी, एकाच वेळी. मुलाची वही उघडावी आणि चुकलेले उदाहरण घेऊन, ‘तू हे कसे केलेस ते मला सांग’ असे विचारावे. रागाने विचारू नये, कुतूहलाने विचारावे. मुलाची चूक बहुधा वेडीवाकडी नसते. तीमागे एखादा चुकीचा नियम असतो आणि तो ते इमानाने पाळीत असते. तो नियम हाती लागला की निम्मे काम झाले. मग पुस्तक मागे मागे चाळीत जावे. सातवीचे नाही आले, सहावीचे. सहावीचे नाही, पाचवीचे. जेथे मूल न अडखळता उदाहरण सोडविते तेथे थांबावे. ती त्याची खरी इयत्ता. तेथून वर यावयास, आमच्या अनुभवाप्रमाणे, वर्षाला वर्ष लागत नाही. कारण मूल आता मोठे असते आणि चौथीचे गणित त्यास दोन-तीन महिन्यांत उमगते. अट एवढीच, चौथीचे पुस्तक हाती धरल्याबद्दल त्याची थट्टा होता कामा नये.

ही लाज टाळण्यासाठी आम्ही एक युक्ती करीत असू. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत जगापुढे मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करावेत. १९४७ घेऊ. ९७४१ वजा १४७९, आले ८२६२. पुन्हा तसेच : ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८, ६१७४. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. आले नाही तर वजाबाकीत कोठेतरी हातचा चुकला, हे मुलास स्वतःच कळते; तांबड्या शाईची गरज पडत नाही. हातच्याच्या वजाबाकीची पन्नास उदाहरणे दिली तर आठवीचे मूल कंटाळते आणि ओशाळते. हा खेळ दिला तर तेच मूल पन्नास वजाबाक्या आपण होऊन करते आणि वर शेजाऱ्यास संख्या मागते.

मुलींविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘तिला काय करावयाचे आहे गणित?’ हा प्रश्न आजही, पदवीधर घरांतसुद्धा, ऐकू येतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त कितीतरी उदाहरणे एका बालिकेस उद्देशून घातली आहेत. ती त्यांची कन्या होती की नाही हे दंतकथेवर सोडू. परंतु साडेआठशे वर्षांपूर्वी गणिताचा प्रश्न मुलीस विचारावा असे त्या पुरुषास वाटले, एवढे तर ग्रंथातच आहे.

काही थोड्या मुलांची अडचण निराळी असते. एखाद्यास फळ्यावरचे दिसत नाही. प्रथम डोळे तपासून घ्यावेत. चष्मा लागला आणि गणित आले, असे आम्ही पाहिले आहे. काही मुलांस मात्र नीट शिकवूनही अंकांचा मेळच बसत नाही. अशा अध्ययन-अक्षमतेस २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे आणि तज्ज्ञांचे प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत सवलती मिळतात. त्यात कमीपणा मानून लपवाछपवी करणाऱ्या पालकांमुळे मुलांचे हक्काचे ते जाते.

आता मंडळाच्या कामाकडे वळतो. आपला शिक्षणनिधी ऐंशी टक्क्यांवरच्या मुलांस बक्षिसे देतो; शिष्यवृत्ती परीक्षेस बसणाऱ्यांस पुस्तके देतो. हे चालावे. परंतु पाचवी ते आठवीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी त्याच निधीतून एक वर्ग सुरू करावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे मांडली तेव्हा दोन हरकती निघाल्या. पहिली अशी की, देणगीदारांनी पैसा बुद्धिमान मुलांकरिता दिला आहे. आम्ही निधीचे नियम वाचून पाहिले. त्यांत ‘गरजू व होतकरू’ असे शब्द आहेत. पस्तीस गुण मिळविणारा गरजू नाही, असे कोणी म्हणेल काय? दुसरी हरकत अधिक नाजूक आहे : असा वर्ग काढला तर ज्ञातीतली कच्ची मुले चारचौघांत दिसतील, सोयरिकी जुळविताना बोलले जाईल. या हरकतीस उत्तर देणे आम्हांस जड जाते. मुलगा आज वर्गात दिसला नाही तर चार वर्षांनी कोठे दिसतो, ते मात्र आम्ही सांगू शकतो.

तो एखाद्या फर्निचरच्या कारखान्यात मदतनीस म्हणून दिसतो. हात त्याचा उत्तम असतो. रंधा, पटाशी त्यास जन्मापासून ठाऊक. परंतु आता काम बदलले आहे. पत्रके मिलिमीटरमध्ये येतात, २४४० बाय १२२० चा तक्ता यंत्रावर कापला जातो, आणि एका तक्त्यातून किती तुकडे बसतील, किती वाया जाईल, गिऱ्हाइकास किती दर सांगावा, हे ज्यास करता येते तो कंत्राट घेतो. ज्यास येत नाही तो त्याच्या हाताखाली राबतो. पुष्कळ ठिकाणी कंत्राट घेणारा आपल्या ज्ञातीचा नसतो, याबद्दल आपण दरवर्षी या सभेत हळहळतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाच्या वर्गास आठवी उत्तीर्ण झालेला चालतो. परंतु इमारतीच्या आराखड्यांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास दहावी हवी आणि तीत गणित व विज्ञान हवे. आठवी आणि दहावी यांमधल्या दोन वर्षांत आपली मुले गळतात, आणि ती गळती पाचवीतल्या अपूर्णांकापासून सुरू होते.

कार्यकारी मंडळाने अखेरीस एक वर्षापुरती परवानगी दिली, याबद्दल आम्ही अध्यक्षांचे ऋणी आहोत. वर्ग दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी आपल्या कार्यालयाच्या वरच्या सभागृहात सुरू होईल. दर शनिवारी सायंकाळी ५ ते ६॥. मुले वीसच घेऊ, कारण त्याहून अधिक मुलांच्या वह्या एका बैठकीत नीट पाहून होत नाहीत. शुल्क नाही. त्या वर्गात इयत्तेप्रमाणे बसविणार नाही. जो जेथे अडला असेल तेथून त्याचा आरंभ होईल. शिकविण्यास आम्ही आहोत, आणखी दोन निवृत्त शिक्षिकांनी येण्याचे कबूल केले आहे. महाविद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली आळीपाळीने आली तर फार बरे होईल. ज्यांचे कारखाने आहेत त्यांच्याकडे आम्ही पैसे मागत नाही. फूट-सुताच्या खुणा असलेल्या वीस जुन्या टेपा, प्लायचे निरुपयोगी तुकडे आणि एक गुण्या पाठवून द्यावा. महिन्यातून एकदा एखाद्या कारागिराने तासभर येऊन, तक्ता कसा आखतो ते मुलांस दाखवावे.

नावे चिटणिसांकडे कोजागिरीपर्यंत द्यावीत. येताना मुलाचे प्रगतिपुस्तक आणण्याची आवश्यकता नाही. मात्र गणिताची वही आणावी, आणि तीतली खाडाखोड पुसू नये.